एका तारेचं गाणं : माहूरचं तुणतुणं, देवासची खोली आणि पुण्याची माणसांची भिंत



आजच्या विषयाकडे जाण्याआधी एक साधी गोष्ट विचारतो. घरात कुणी तीच ती तक्रार दिवसभर करत बसलं, तर आपण काय म्हणतो? "पुरे झालं तुझं तुणतुणं." सभेत एखाद्यानं जुनाच मुद्दा काढला की म्हणतो, "यांनी आपलं तुणतुणं लावलं." म्हणजे मराठी भाषेनं एका वाद्याविरुद्ध निकाल देऊन टाकलेला आहे. एक तार, एक सूर, तेच ते, कंटाळवाणं. आणि हा निकाल आपण माहूरच्या माणसांनीही मान्य केलेला आहे. ज्या रेणुकामातेच्या पायऱ्यांखाली आपण राहतो, तिच्या गोंधळात हेच वाद्य शेकडो वर्षं वाजत आलंय, तरी आपणही तेच बोलतो. आज या निकालाविरुद्ध अपील करायचं आम्ही ठरवलंय.

विषय असा आहे : मुद्दाम कमी ठेवलेल्या साधनांतून, अगदी स्वतःचं आणि काळाच्या पुढचं संगीत कसं तयार होतं? हा प्रश्न आम्हाला पुस्तकातून पडला नाही. तो एका पोरानं पाडला. तेही सांगून टाकतो, कारण त्यात आमची चूक आहे.

ओळखीच्या एका घरी लग्नानंतरचा गोंधळ होता. तो आटोपल्यावर गोंधळ्यांमधला एक विशीतला मुलगा आमच्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "सर, कर्ज काढून कीबोर्ड घ्यावा म्हणतो. लोकायला आता नुसतं संबळ-तुणतुणं चालत नाही." आम्ही लगेच मास्तरकी सुरू केली. परंपरा काय, वारसा काय, एका तारेचं सौंदर्य काय. त्याला म्हणालो, घेऊ नको. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "काऊन घेऊ नये सर? तुमच्या घरी फ्रीज हाय ना?"

आम्ही गप्प झालो. त्याचं म्हणणं सरळ होतं. तुम्ही तुमच्या घरात सगळं नवं आणता आणि आम्ही मात्र जुनं जपावं, हे कुणी ठरवलं? कमी साधनांत राहण्याचं कौतुक ज्याच्याकडे भरपूर साधनं आहेत तो करतो, तेव्हा त्यात खोट असते. त्या दिवसापासून हा प्रश्न आमच्या मागे लागलाय. आजचं व्याख्यान म्हणजे त्या मुलाला द्यायचं उशिरा सुचलेलं उत्तर आहे, असं समजा.

आधी वाद्य बघू. तुणतुणं म्हणजे काय? लाकडाचं किंवा पत्र्याचं एक पोकळ नळकांडं. खालच्या तोंडाला कातडं मढवलेलं. बाजूला एक काठी ठोकलेली, तिच्या वरच्या टोकाला खुंटी. कातड्याच्या मध्यातून निघालेली एकच तार त्या खुंटीला गुंडाळलेली. संपलं. तार छेडली की सूरही निघतो आणि कातड्यामुळे ठोकाही निघतो. म्हणजे तंबोऱ्याचं काम आणि तालाचं काम हे एकटं वाद्य करतं. पिळलेल्या खुंटीवर सूर ठरतो, म्हणून गाणाऱ्याचा गळा जिथे असेल तिथे तुणतुणं जातं. गळ्यानं वाद्याच्या मागे जायची गरज नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

त्याच्या जोडीला संबळ. एक मोठं, एक लहान, अशी दोन चर्मवाद्यं एकत्र बांधलेली, कमरेला लटकवलेली, दोन काठ्यांनी वाजवायची. शिवाय झांज. आणि दिवटी. चार-पाच माणसं, अंगात झगा, गळ्यात कवड्यांची माळ. एवढ्या सामानावर रात्र उभी राहते. चौक भरायचा, घट मांडायचा, ठिकठिकाणच्या देवांना गोंधळाला यायचं आवतण द्यायचं, मग आख्यान. मुख्य गोंधळी कथा सांगतो आणि साथीदार मधेच प्रश्न विचारतो, टोमणा मारतो, हसवतो. पहाटे आरती.

हे किती जुनं? तेराव्या शतकात काकतीय राजाचा सेनापती जाय यानं 'नृत्तरत्नावली' नावाचा ग्रंथ लिहिला. त्यात गोंडली नावाच्या नृत्याचं वर्णन येतं आणि त्याचा संबंध कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर याच्याशी जोडलेला आहे. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या लातूर जिल्ह्याला लागूनच. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी आपल्या गोंधळाचं नातं या गोंडलीशी लावलं. म्हणजे हा प्रकार आपल्या मराठवाड्याच्या उंबऱ्यावर आठशे वर्षं तरी आहे.

गोंधळ्यांत दोन घराणी सांगतात. तुळजाभवानीचे ते कदमराई, आणि आपल्या माहूरच्या रेणुकेचे ते रेणुराई. वाद्याच्या जन्माची त्यांची कथाही माहूरचीच आहे. परशुरामानं बेटासुर नावाच्या दैत्याला मारलं, त्याच्या शिराला त्याच्याच शिरा ताणून बांधल्या आणि ते वाद्य छेडत तो आईपुढे, म्हणजे रेणुकेपुढे, आला. पहिलं तुणतुणं ते. कथेचा खरेखोटेपणा इथे महत्त्वाचा नाही. ही कथा काय सांगते ते बघा. एका मुलाला आईला वंदन करायचंय. जवळ वीणा नाही, मृदंग नाही. जे हाताशी आहे, लढाईतून उरलंय, त्यातून तो वाद्य करतो. आजच्या भाषेत बोलायचं तर ही साधनांच्या टंचाईतून घडलेली आणि अत्यंत खासगी कारणासाठी झालेली निर्मिती आहे.

माहूरला आणखी एक गोष्ट आपण रोज बघतो आणि विसरतो. गडावर रेणुकेची पूर्ण मूर्ती नाही. फक्त मुख आहे. परशुरामाला सांगितलं होतं, मागे वळून पाहू नकोस. त्यानं पाहिलं, आणि जमिनीतून वर येणारी आई मुखापर्यंतच आली, अशी आपली कथा. मातापूर हे या गावाचं जुनं नाव. इथला भक्त त्या मुखातच सगळी आई पाहतो. उरलेलं शरीर कुठंय, असं कुणी विचारत नाही. साताऱ्याकडून येऊन माहूरला राहिलेले कवी विष्णुदास याच मुखाला आई म्हणत राहिले. १९१७ साली ते गेले, पण त्यांची पदं अजून गडावर म्हटली जातात. थोडक्यावरून पूर्ण ओळखायची सवय या गावाला आहे, एवढंच आम्हाला सांगायचंय.

आता माहुराहून थोडं लांब जाऊ. मध्य प्रदेशात देवासला. तिथेही एक टेकडी आहे, टेकडीवर देवी आहे, आणि पायथ्याशी एक घर आहे. पंडित कुमार गंधर्वांचं.

कुमारजींचं मूळ नाव शिवपुत्र कोमकली. जन्म ८ एप्रिल १९२४, बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा. दहा-अकराव्या वर्षी हा मुलगा मोठमोठ्या गवयांच्या ग्रामोफोन तबकड्या ऐकून जशाच्या तशा गाऊन दाखवायचा. सभा दंग व्हायच्या. मग मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे शिक्षण. तेवीस वर्षांचा होईपर्यंत देशभर नाव. आणि तेव्हाच क्षयरोग झाला. कोरडी हवा हवी म्हणून १९४८ च्या जानेवारीत देवासला आले. तारीख ३० जानेवारी, गांधीजी गेले तो दिवस. पुढची पाचेक वर्षं अंथरुणावर. गायची बंदी. एक फुफ्फुस कायमचं निकामी झालं.

या काळात त्यांनी काय केलं? ऐकलं. खिडकीबाहेरून जाणाऱ्या बायकांची माळव्यातली लोकगीतं ऐकली. देवासला शीलनाथ महाराजांची धुनी आहे, नाथपंथी येत-जात असत, त्यांची निर्गुणी भजनं ऐकली. त्या बायकांच्या गाण्यात चार-पाच सूर असायचे, जास्त नाहीत. जोग्याच्या हातात एकतारी असायची. ज्या मुलानं लहानपणी सगळ्या उस्तादांचे गळे आपल्या गळ्यात घेतले होते, त्याच्यापुढे आता चार सुरांचं गाणं आणि एक तार उरली होती.

१९५३ साली ते पुन्हा गायला लागले, तेव्हा गाणं बदललेलं होतं. श्वास लांब पुरत नव्हता, म्हणून वाक्यं छोटी झाली. लांबलचक तानेऐवजी तुकडा फेकायचा, थांबायचं, पुन्हा फेकायचं. आवाज एकदम उंचावायचा आणि एकदम कुजबुजीवर आणायचा. मधे शांतता. आणि ती शांतता पोकळ राहू नये म्हणून तंबोरे असे लावायचे की गाणं थांबलं तरी खोली सुरानं भरलेली राहील. त्यांच्या तंबोरे लावण्याच्या गोष्टी आजही गवई सांगतात. कमी श्वास आणि भरलेला तंबोरा, या दोन्ही गोष्टी एकमेकींवाचून चालत नाहीत. गाणाऱ्यानं जागा मोकळी सोडली, तरच तंबोरा ऐकू येतो.

लोकधुनांतून त्यांनी नवे राग घडवले. मालवती, संजारी, मधसुरजा, अहिमोहिनी, लगनगंधार. त्यांना ते धुनउगम राग म्हणत. १९६५ साली 'अनूपरागविलास' हा त्यांच्या बंदिशींचा संग्रह निघाला. त्या काळात जुन्या मताच्या अनेकांना हे पटलं नाही. घराण्याची चौकट मोडली, तुकड्या-तुकड्यानं गातात, असं म्हटलं गेलं. आज त्यालाच आपण एका युगाचं नवं गाणं म्हणतो.

इथे एक सावधगिरी हवी. कुमारजी आजारी पडले म्हणून थोर झाले, असं आम्ही म्हणत नाही. क्षयानं त्या काळात कितीतरी गळे कायमचे बंद केले, त्यांचं गाणं कुणी ऐकलंच नाही. आजार हे साधन नव्हे. आजारानं दिलेली मर्यादा त्यांनी कशी वापरली, ते साधन. बरं झाल्यावर ते जुनंच गाणं कमी वेळ, कमी जोरात, जपून गाऊ शकले असते. लोकांनी दयेनं टाळ्याही वाजवल्या असत्या. त्यांनी तसं केलं नाही. लादलेली मर्यादा त्यांनी स्वतःची करून घेतली. लहानपणी त्यांच्या गळ्यात सगळ्यांचे आवाज होते. त्यांचा स्वतःचा आवाज त्या अंथरुणानंतर आला.

आता तिसरं ठिकाण. पुणे, १६ डिसेंबर १९७२. प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशननं विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' रंगमंचावर आणलं. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं. रंगमंचावर भव्य वाडा नाही, बाग नाही, दरबार नाही. माणसांची एक रांग आहे. ती पाठ फिरवते तेव्हा भिंत होते. वळते तेव्हा जमाव होते, बाग होते, पुण्याचे ब्राह्मण होते. आणि तीच रांग गाते. कीर्तन, अभंग, लावणी, कोकणातल्या खेळ्यांची चाल, हे सगळं माणसांच्या तोंडून येतं आणि त्यातूनच सत्तेची क्रूरता ऐकू येते. देवाचं नाव घेणारी चाल आणि समोर चाललेला छळ यांचा एकत्र परिणाम प्रेक्षकाच्या अंगावर येतो.

चंदावरकर काय गरीब संगीतकार होते का? पंडित रविशंकरांकडे सतार शिकलेले, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणारे, पाश्चात्त्य संगीत जाणणारे. त्यांना मोठा वाद्यवृंद माहीत होता. त्यांनी तो बाजूला ठेवला. ही तिसऱ्या प्रकारची मर्यादा, सरळ सरळ निवडलेली. तिचा फायदा पुढे कळला. वादामुळे १९ प्रयोगांनंतर मूळ संस्थेनं नाटक थांबवलं. कलाकार बाहेर पडले, १९७३ मध्ये त्यांनी थिएटर अकादमी काढली आणि नाटक पुन्हा उभं केलं. १९८० साली ते युरोपात गेलं. ज्या नाटकाचं नेपथ्यच माणसं आहेत, ते कुठंही जातं. गोंधळ्याच्या खांद्यावर मावणारं सामान आणि ही माणसांची भिंत, दोन्हींचं गणित एकच आहे.

जगातही हेच चालू होतं. त्याच १९७२ साली अमेरिकेत स्टीव्ह राइख यांनी 'क्लॅपिंग म्यूझिक' लिहिलं. वाद्य काहीच नाही. दोन माणसं, चार हात, टाळ्या. एकाच तालाची आकृती दोघं वाजवतात आणि त्यातला एक जण ठरावीक अंतरानं एक मात्रा पुढे सरकतो. त्या सरकण्यातून गुंतागुंत तयार होते. त्याआधी १९४० च्या सुमारास सिअॅटलला जॉन केज यांना एका नृत्यासाठी संगीत करायचं होतं. तालवाद्यांचा ताफा हवा होता, रंगमंचावर जागाच नव्हती, एक पियानो होता. त्यांनी पियानोच्या तारांत स्क्रू आणि असल्याच वस्तू अडकवल्या. पियानोचं तालवाद्य झालं. हेच केज १९४६ मध्ये अहमदाबादच्या गीता साराभाईंकडून भारतीय संगीताविषयी शिकले. म्हणजे जगातल्या त्या नव्या संगीताच्या मुळांना आपल्याकडचंही पाणी मिळालेलं आहे.

आता या तीन ठिकाणांची मांडणी करू. माहूरच्या गोंधळ्याची मर्यादा वारशानं आलेली. देवासच्या कुमारजींची आजारानं लादलेली आणि नंतर स्वतःची केलेली. पुण्याच्या चंदावरकरांची निवडलेली. आमच्यासारखे शिकलेले लोक चूक कुठे करतात? तिन्ही एका पिशवीत घालतात. "बघा, कमी साधनांत किती सुंदर!" पण चंदावरकरांना उद्या वाटलं असतं तर मोठा वाद्यवृंद मिळाला असता. गोंधळ्याच्या पोराला मिळत नाही. महाराष्ट्रात गोंधळी ही जमात भटक्या जमातींच्या यादीत आहे. गावोगाव पायी फिरणाऱ्या माणसाचं वाद्य हलकंच असणार. घरात दुसरं काही घ्यायला पैसा नव्हता, हेही खरं. त्याला नुसतं सौंदर्यशास्त्र म्हणणं म्हणजे गरिबीवर रंग चढवणं. त्या मुलानं आमच्या फ्रीजवर बोट ठेवलं ते याचसाठी.

पण गोष्ट इथेही संपत नाही. गोंधळ्याची मर्यादा फक्त गरिबीची होती, असं म्हणणं हाही त्यांच्या पूर्वजांवर अन्यायच. हार्मोनियम एकोणिसाव्या शतकात आली. नाटकवाल्यांनी घेतली, कीर्तनकारांनी घेतली, भजनी मंडळांनी घेतली. गोंधळातही कुठे कुठे शिरली. तरी गोंधळाचा कणा संबळ-तुणतुणंच राहिला. कारण तिथे वाद्य हे विधीचा भाग आहे, त्याची पूजा होते. काय आत घ्यायचं आणि काय बाहेर ठेवायचं, याचा विचार त्या लोकांनी केलेला आहे. म्हणजे वारशातही निवड असते. फक्त ती एका माणसानं एका दिवसात केलेली नसते, पिढ्यांनी मिळून केलेली असते, म्हणून आपल्याला दिसत नाही.

आणि तो तेच ते वाजवतो, हा आरोप? परवा एखादा गोंधळ नीट ऐका. तुणतुण्याचा सूर तोच राहतो, म्हणून तर बाकीचं सगळं हलू शकतं. नाईक गातागाता बोलायला लागतो, बोलताबोलता रडवतो, साथीदार हसवतो. यजमानाचं घराणं, गाव, कुलदैवत, कालच्या लग्नातली गंमत, सगळं त्यात येतं. म्हणून कुठल्याही दोन घरचा गोंधळ सारखा नसतो. आपण सुरुवातीला म्हणालो ना, तुणतुणं गळ्याच्या मागे जातं, गळा तुणतुण्याच्या मागे जात नाही? त्यातला खरा मुद्दा हाच आहे. साधन इतकं कमी आहे की ते माणसाला हुकूम सोडू शकत नाही.

खासगी संगीत म्हटलं की आपल्याला एकटा कलावंत आठवतो, आपलं दुःख गाणारा. कुमारजींचं गाणं त्या अर्थानं त्यांचं स्वतःचं. गोंधळ वेगळ्या अर्थानं खासगी आहे. तो एका घराचा असतो, एका रात्रीचा असतो, आणि पहाटे संपतो. आपल्या परभणीच्या राजारामभाऊ कदमांना लोक गोंधळमहर्षी म्हणत, ते याच ताकदीवर. द्रौपदीच्या मनातलं गुपित सांगणारं जांभूळ आख्यान मराठवाड्यातल्या गोंधळ्यांकडे होतं. पुढे शाहीर विठ्ठल उमपांनी ते रंगमंचावर नेलं आणि शहरातल्या प्रेक्षकांना पहिल्यांदा कळलं की या चार वाद्यांवर किती मोठं नाट्य उभं राहतं. एका बाईच्या मनातली, कुणाला न सांगण्यासारखी गोष्ट, भर चौकात संबळावर सांगायची. याहून पुढचं आणि याहून खासगी काय असतं?

तर आता त्या मुलाकडे परत येऊ. कीबोर्ड घ्यावा की नाही?

आमचं आताचं उत्तर असं आहे. बाळा, घे. आम्ही तुला अडवणारे कोण? पण घेतल्यावर एक गोष्ट तपासून बघ. त्या कीबोर्डात संबळाचा ठेका आधीच भरून ठेवलेला असेल. बटण दाबलं की वाजेल, आणि रात्रभर एकाच वेगानं वाजेल. तुझ्या नाईकाचा कंठ दाटून आला तरी तो थांबणार नाही. तुझा आजा थांबत होता. कुठे थांबायचं, कुठे उचलायचं, हे तो यजमानाच्या तोंडाकडे बघून ठरवायचा. ते ठरवणं आता कुठल्या तरी कारखान्यात बसलेल्या, माहूर कुठंय हे माहीत नसलेल्या माणसानं करून ठेवलंय. साधनं वाढली, पण ठरवण्याचा अधिकार कमी झाला. भरलेला ठेका बंद करून तू तो कीबोर्ड एका सुरावर, तुणतुण्यासारखा धरलास आणि त्यावर नवी कथा उभी केलीस, तर तोही गोंधळच. आणि तुणतुणं हातात घेऊनसुद्धा तू मोबाईलवर बघितलेल्या माणसाची नक्कलच करत बसलास, तर ते मात्र भाषेनं म्हटलेलं तुणतुणं.

मर्यादा चांगली की वाईट हा प्रश्नच अपुरा आहे. ती रेघ कुणी ओढली, हा प्रश्न विचारायला हवा. केजनं रंगमंचावरच्या अडचणीतून स्वतः रेघ ओढली. कुमारजींनी नशिबानं ओढलेली रेघ पुसून तिथेच स्वतःची ओढली. गोंधळ्याच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या ओढली. आज त्या पोराची रेघ कोण ओढतंय?

मंडळी, याचं उत्तर कडू आहे. आपण ओढतोय. रात्रभराचा गोंधळ तासाभरात उरका, हे आपण सांगतो. जेवणाची पंगत सुरू असताना बाजूला वाजवत राहा, हे आपण सांगतो. डीजेला हजारो रुपये देतो आणि गोंधळ्याच्या बिदागीत शंभर रुपयांसाठी घासाघीस करतो. मग तोच पोरगा कर्ज काढून कीबोर्ड घ्यायला निघाला की आपण त्याला संस्कृती शिकवतो. आम्हीसुद्धा तेच केलं. कुमारजींना देवासच्या खोलीत ऐकायला पाच वर्षं मिळाली. घरच्यांनी, मित्रांनी, चाहत्यांनी तो वेळ सांभाळला. भानुमतीबाईंनी त्यांची सेवा केली. घाशीरामच्या मुलांच्या मागे एक शहर होतं, त्यांच्या बाजूनं भांडणारी माणसं होती. कमी साधनांतून मोठं काम होतं, तेव्हा दोन गोष्टी मात्र भरपूर लागतात : वेळ आणि ऐकणारा. साधनं कमी चालतील. ऐकणारा कमी पडला तर काहीच चालत नाही.

म्हणून आमची विनंती छोटी आहे. यापुढे तुमच्या घरी गोंधळ असेल तर त्याला पूर्ण वेळ द्या. माईक थोडा वेळ बंद करा. आख्यान सुरू असताना पंगत थांबवा. बिदागी आधी ठरवा, आणि ठरवलेल्यापेक्षा कमी देऊ नका. नाईकाला विचारा, तुमच्या आजोबांकडची एखादी कथा आहे का जी हल्ली कुणी ऐकत नाही? आणि मग ऐकत बसा. एवढं केलंत, तर कीबोर्ड घ्यायचा की नाही हे तो मुलगा स्वतः ठरवेल. ते त्याचं ठरवणं असेल.

त्या मुलाला आम्ही आजच्या व्याख्यानाला बोलावलं होतं. तो आला नाही. आज त्याची एका गावी सुपारी आहे, असा निरोप आला. कीबोर्ड घेतला की नाही, ते निरोपात नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नाही. तो कुठल्या तरी अंगणात आत्ता उभा असेल. हातात काहीही असो, समोर कुणीतरी नीट ऐकणारं असावं, एवढीच रेणुकामातेकडे मागणी.

इथे थांबतो.